बुटांची पाचवी जोडी

१

माझ्या वडिलांना मी मारलं, असं पोलीस ठाण्यातल्या कागदावर लिहून ठेवलं आहे. भाषा जरा सभ्य आहे, 'निष्काळजीपणामुळे मृत्यू' वगैरे, पण अर्थ तोच. बटण मी दाबलं आणि बाबा गेले. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी भांडायला गेले नाही. भांडायला अंगात काहीतरी लागतं, आणि ते त्या संध्याकाळपासून माझ्यात नव्हतंच. लोक भेटायला यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी द्यायची.

मी दिपाली पौनीकर. आमचा धंदा आतषबाजीचा. आजोबा नागपूरच्या तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचे. माझ्या बाबांनी, म्हणजे रुपरावांनी, माग सोडला आणि एका उस्तादाच्या हाताखाली गोळे उडवायला शिकले. मी इंजिनिअरिंग करून घरी परत आले आणि सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणला. लग्नाचं गाणं स्क्रीनवर आडवं पसरायचं आणि कोणत्या ठोक्याला आकाशात काय फुटेल ते त्याच्याखाली मांडत जायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक गोळ्याला पत्ता देतं, अमुक नंबरचा डबा, त्यात अमुक नंबरची जागा. तसे स्टिकर निघतात, माणसं ते नळ्यांवर चिकटवतात, वायरी जोडतात. मग मी तंबूत बसून एकच बटण दाबते. पुढचं सगळं आपोआप होतं.

त्या संध्याकाळी काटोल रोडवरच्या एका लॉनवर संत्रा व्यापाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. नवरा-नवरी स्टेजवर चढताना पहिला गोळा जायचा होता. मी बटण दाबलं. धप् असा आवाज झाला, पण वर काही उघडलं नाही. मग दुसरा गेला, तिसरा गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या उजेडात पहिल्या नळीपाशी कोणीतरी पडलेलं दिसलं. मी सगळं बंद केलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माणूस मैदानात असताना बटण दाबायचं नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यासाठी आमची पद्धत साधी. नळ्या लावलेल्या मैदानाभोवती दोरी असते. बाहेर येणारा प्रत्येक जण दोरीपाशी बूट काढून रांगेत ठेवतो, कारण तळाला फटाक्यांची दारू लागलेली असते आणि ती पाहुण्यांत, स्वयंपाकाच्या भट्ट्यांकडे न्यायची नाही. मैदानात पाच माणसं असतात. बाबा, त्यांचे भागीदार संजीवकाका, माझा धाकटा भाऊ अश्विन आणि दोन रोजंदारीवाले. पाच जोड्या रांगेत दिसल्या की मैदान रिकामं. मी तंबूतून मोजते आणि मगच दाबते.

त्या दिवशीही मोजल्या. पाच होत्या.

पोलिसांच्या फोटोत रांगेत चार आहेत. पाचवी दवाखान्यात नेलेल्या बाबांच्या पायात होती.

२

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी शोभाताई निखारे आल्या. विमा कंपनीनं चौकशीला पाठवलेल्या. साठी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. स्फोटातून उरलेले तुकडे प्रयोगशाळेत तपासण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं होतं. "रिटायर झाले आणि घरात करमेना," एवढीच त्यांनी स्वतःची ओळख दिली.

आईनं दार उघडलं, त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. आई माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, समोर सरकवायची, संपलं. मीही काही विचारत नव्हते. काय विचारणार?

"स्पष्ट सांगते," शोभाताई म्हणाल्या. "पोलीस माझ्या अहवालाची वाट पाहत आहेत. तुम्ही न मोजता बटण दाबलं असं मी लिहिलं, की तुम्हाला अटक होईल. तुमचं म्हणणं काय?"

"मोजलं होतं. पाच होत्या."

"आणि बाबांच्या पायात एक."

"हो."

"दोन्ही खरं कसं?"

"मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. दया दाखवली नाही. मला बरं वाटलं, कारण लोकांच्या दयेचा मला कंटाळा आला होता.

मग त्यांनी लॅपटॉप उघडायला लावला. मी त्यांना तो शो दाखवला, गाण्याखाली मांडलेले गोळे, त्यांचे पत्ते. सुरू करायच्या आधी सॉफ्टवेअर प्रत्येक वायरीतून बारीकसा करंट सोडून बघतं, तेही दाखवलं. जोडणी नीट असेल तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल.

"त्या दिवशी?"

"सगळे हिरवे होते."

"सगळे?" शोभाताईंनी चष्मा सरकवला. "ठाण्यात तर असं लिहिलं आहे की पहिल्या नळीची वायर निघाली होती, ती जोडायला रुपराव परत आत गेले."

"सगळे तसंच म्हणतात."

"वायर निघाली नव्हती. मग ते त्या नळीवर वाकून करत काय होते?"

इतके दिवस हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हणे इंजिनिअर!

शोभाताईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि या पहिल्या गोळ्याचं नाव 'देवी' का आहे? बाकीच्यांना तर नुसते नंबर आहेत."

मी सांगितलं. बाबांच्या उस्तादापासूनची रीत होती, पहिला गोळा कोराडीच्या देवीचा. नळीला कुंकू लावायचं, हात जोडायचे आणि उदबत्तीनं आपल्या हातानं पेटवायचा. देवळात जावं तसंच जायचं त्या नळीपाशी. दोन वर्षांपूर्वी मी ते बंद केलं. हातानं काहीही पेटवायचं नाही, म्हणून बाबांशी कडाक्याचं भांडले. शेवटी त्यांनी मान डोलावली. मी देवीचा गोळा कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि त्यांच्यासाठी नाव तेवढं ठेवलं.

"मान डोलावली," शोभाताई म्हणाल्या. "तोंडानं हो म्हणाले का?"

३

संजीवकाका गोळीबार चौकाजवळ राहतात. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते आणि काकू त्यांना बशीनं चहा पाजत होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरले.

"मीच पहिले पोचलो बाई," ते शोभाताईंना म्हणाले. "धूर इतका का काई दिसून नाई राहिलं. बाजूची पेटी जळून राहिली होती, तिच्यावरच हात पडले माहे. तसंच ओढलं रुपरावले. अश्विन आला, मंग मी गाडी आणाले पळालो."

"तुम्ही ओढलं तेव्हा त्यांच्या पायात बूट होते?"

"पाय कोण पाहते अशा वक्ती!"

"तुम्ही गाडी घेऊन येईपर्यंत त्यांच्याजवळ कोण होतं?"

"अश्विनच होता. बाकी दोघं पाणी मारून राहिले होते."

कोपऱ्यात रिकाम्या नळ्यांचा एक भारा सुतळीनं बांधून ठेवला होता. शोभाताईंनी सहज गाठीला हात लावला.

"ते नका सोडू, नाई सुटत," काका म्हणाले. "पौनीकरायच्या घरची गाठ आहे ते. मागावर धागा तुटला का जोडतात ना, तशी. ओढली का बसली, चाकूच लागते. यायच्या घरात रुपराव, दिपाली, अश्विन, तिघायले येते. मले इतक्या वर्षात नाई जमली."

"रुपराव बुटाची नाडीही अशीच बांधायचे?"

"तो?" काका हसले आणि हसताना रडायलाच लागले. "तो नाडी बांधे तवा ना! आत खोचून फिरे. मी म्हणो, अबे पडशीन एक दिवस."

शोभाताईंनी त्यांना पुरतं रडू दिलं. मग विचारलं, "लायसन तुमच्या नावावर आहे. समजा, एखादा माणूस मैदानात बिनबुटाचा सापडला, तर काय होतं?"

काकांचं रडणं थांबलं. "काय होते म्हणजे? लायसन जाते. तिथंच." ते माझ्याकडे वळले. "पोरी, मी तुले दोष नाई देऊन राहिलो. पण पाच जोड्या होत्या हे म्हणणं सोड आता. फोटो आहे त्यायच्यापाशी. काहून हट्ट करतं?"

लहानपणी मला खांद्यावर बसवून दसऱ्याला नेणारा माणूस मला खोटं ठरवत होता, आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर शोभाताई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "खोटं बोलायला या माणसाकडे चांगलं कारण आहे. लक्षात ठेवा."

४

रजत हा इव्हेंट मॅनेजर. धरमपेठेत त्याचं काचेचं ऑफिस आहे आणि तो बोलताना अर्धा वेळ फोनकडे बघतो. त्या संध्याकाळी तो तंबूत माझ्या शेजारी उभा होता.

"मॅडम, मी तर स्टेजकडे पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "यांनी बूट मोजले का नाही, मले काय मालूम? झूठ काहून बोलू?"

"सुरू करा असं कोण म्हणालं?"

"यांनीच केलं ना सुरू."

"मी ते नाही विचारलं."

रजतनं फोन उलटा ठेवला. "नवरदेवाच्या आजोबाले बरं वाटत नव्हतं. ते निघाच्या आधी झालं पाहिजे म्हणून वरून सारखं प्रेशर येऊन राहिलं होतं. तर मी म्हटलं, चला मॅडम, चालू करा. बस, इतकंच! आता याच्यात मले फसवू नका प्लीज."

"आणि धप् आवाज झाल्यावर?"

"या पळत निघाल्या. बाकीचे गोळे भरलेलेच होते, म्हणून मी धरून ठेवलं यांना. गाडी येईपर्यंत सोडलंच नाही. मग दोघंही तिथंच होतो. मैदानात माझा पायही नाही पडला, सगळ्या पाहुण्यांना विचारा."

ते खरं होतं. माझ्या दंडावर त्याच्या बोटांचे वण अजून होते.

"तुमची माणसं स्टेजवर किती होती?" शोभाताईंनी विचारलं.

"माझं कोणी नव्हतं, तीच तर पंचाईत. स्टेजवरच्या थंड ठिणग्यांच्या अनारांतला एक पेटत नव्हता. म्हणून मी यांच्याच अश्विनला बोलावून घेतलं. तो बूट काढून बाहेर आलाच होता, म्हटलं, चल गा जरा, पाहून दे."

"म्हणून तो आला नाही," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते असंच निघून गेलं.

"कुठं आला नाही?"

"तंबूत. दर शोला सुरू करायच्या आधी येऊन डोकं खातो. ताई चार्जर दे, ताई पाणी आहे का, ताई हे गाणं कोणत्या पिक्चरचं. मी खेकसते तेव्हा जातो."

"दर शोला?"

"एकही शो सोडला नाही."

"लहानपणापासून असाच?"

मी आठवून बघितलं. "नाही. आधी तर फिरकायचाही नाही. गेली दोन वर्षं असेल."

शोभाताई पिशवी उचलता उचलता थांबल्या. "देवीचा गोळा कॉम्प्युटरमध्ये टाकला तेव्हापासून?"

५

संध्याकाळी आम्ही घरी आलो. शोभाताई सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. "रुखमाबाई, दवाखान्यातून कपड्यांची पिशवी मिळाली असेल. ती बघायची आहे मला."

आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले, पण ती उठली नाही.

"तुमच्या मुलीसाठी विचारून राहिले मी," शोभाताई हळूच म्हणाल्या.

आईनं हात धुतले आणि देवघराच्या खालच्या कप्प्यातून पिशवी आणून दिली. गाठ मारलेलीच होती. तिनं ती उघडलीही नव्हती.

शोभाताईंनी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक वस्तू काढून मांडली. जळका सदरा. पँट, तिचा खालचा काठ करपलेला. मग बूट. दवाखान्यात काढताना नाड्या मधोमध कापल्या होत्या, गाठी तशाच होत्या. मी बघत होते. ते माझ्या बाबांचे कपडे आहेत हे मला ठाऊक होतं, पण दुकानात मांडलेल्या कपड्यांसारखे मी ते नुसते बघत होते.

"पँट घोट्यापर्यंत करपली आहे," शोभाताई म्हणाल्या, "आणि बुटांवर ठिणगीचाही डाग नाही."

त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. एका खिशातून मोज्यांची गुंडाळी निघाली, नीट, एकात एक घातलेली. दुसऱ्यातून कागदाची पुडी. उघडली तर आत कुंकू.

"मोजे खिशात आणि बूट पायात. असं कोण घालतं?" त्यांनी बूट माझ्यासमोर धरला. "रुपराव बाहेर आले. सगळ्यांसारखे बूट काढून रांगेत ठेवले. तुम्ही ते मोजले, पाचच होते. आणि तुमचं लक्ष स्क्रीनकडे असताना ते मागल्या बाजूनं परत आत गेले. अनवाणी. देवीच्या नळीला कुंकू लावायला."

मी ऐकलं. ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. मी खरं बोलत होते, हे पहिल्यांदा दुसरं कोणी म्हणत होतं. पण मला काही झालं नाही. मी फक्त विचारलं, "मग बूट पायात गेले कसे?"

"कोणीतरी रांगेतून उचलले आणि मेलेल्या माणसाच्या पायात घातले. घाईत होता, मोजे शोधले नाहीत. पण नाडी मात्र बांधली. सवयीनं बांधली." त्यांनी बूट आणखी जवळ आणला. "बघा जरा."

मला बघायची गरज नव्हती. ती गाठ आजीनं मला शिकवली होती, शाळेत जायच्या आधी, मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसवून.

"ओळखलीत तुम्ही," शोभाताई म्हणाल्या.

मी मान खाली घातली. बाहेर अश्विनची गाडी येऊन थांबली.

६

अश्विन आत आला, जमिनीवरचे बूट पाहिले आणि दारातच उभा राहिला. तो सव्वीस वर्षांचा आहे, पण त्या क्षणी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता.

"बसा," शोभाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी बोलते. चुकलं तर सांगा. संजीवरावांना लायसनची भीती होती, पण त्यांचे हात तेव्हाच भाजले होते. त्या हातांनी नाडी बांधता आली नसती, आणि ही गाठ तर त्यांना येतच नाही. रजत आणि तुमची ताई तंबूतून हलले नाहीत, शेकडो लोकांनी पाहिलं. दोघं रोजंदारीवाले पाणी मारत होते. गाडी येईपर्यंत रुपरावांजवळ एकटे तुम्ही होता. आणि ही गाठ बांधणारे घरात तिघं. एक गेले, एक तंबूत होती."

अश्विन खाली बसला.

"अजून एक आहे. तुम्ही दर शोला तंबूत जाऊन ताईचं डोकं खायचात. दोन वर्षांपासून. चार्जर, पाणी, गाणं. ते कशासाठी?"

"थांबवाले," अश्विन म्हणाला.

"नीट सांगा."

"ताईले थांबवून ठेवाले." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बाबा जाऊन कुंकू लावून येईपर्यंत. बाबा म्हणे, दिपालीले सांगू नको, ते बंद करून टाकीन. देवीचा गोळा कॉम्प्युटर उडवते त उडवू दे, पण हात जोडल्याशिवाय मी नाई पाठवत. तू फक्त तिले बोलण्यात गुंतव. एवढंच काम होतं माहं. त्या दिवशी रजतनं स्टेजवर बोलावलं. मी म्हटलं, होते एका मिनिटात. अनार पाहून राहिलो होतो आन मागून धप् झालं."

"मग?"

"मले तिथंच समजलं. पळत आलो त रांगेत बाबाचे बूट. उचलले. काहून उचलले मले नाई माहीत. काका गाडीले गेले आन मी पाहिलं, बाबाचे पाय उघडे. मले वाटलं, आता सगळे म्हणतीन म्हातारा येडा होता, दारूत अनवाणी फिरे. आन मंग मले विचारतीन, तुले माहीत होतं त तू कुठं होता." त्यानं जमिनीवरच्या बुटांकडे बघितलं. "म्हणून घातले."

"आणि ताईचं काय होईल, हे नाही सुचलं?"

"तवा नाई सुचलं. फोटो पाहिल्यावर समजलं. रोज म्हणो, उद्या सांगतो. रोज म्हणो. ताई जेवाले बसे, काईच बोलत नव्हती, मले वाटे शिव्या दे न वं मले, मार. तू काईच नाई बोलली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. खरं तर उठून दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. ज्या भावाला मी सायकल शिकवली, त्यानं मला दोन आठवडे खुनी म्हणून घरात वावरू दिलं होतं. राग कुठंतरी असणार, पण हाताला लागत नव्हता.

"पाच होत्या ना?" मी विचारलं.

"होत्या ताई. पाचच होत्या."

तेव्हा आई दारातून बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"पुडी मी देत होती."

आम्ही तिघंही वळलो.

"कुंकवाची. दर खेपेले मीच बांधून देत होती. त्यायनं मले म्हटलं, पोरगी ऐकत नाई, आता कसं? मी म्हटलं, मंग गुपचूप जा. पोरीले काय समजते त्यातलं?" आई दाराची चौकट धरून उभी होती. "दिपाली, मी तुह्यावर रागावली नव्हती वं. तुह्याकडे पाहिलं का मले ते पुडी आठवे. म्हणून नाई पाहिलं. बुटाचं मले माहीत नव्हतं, देवीच्यान. पण कुंकवाचं माहीत होतं आन मी चूप बसली. तुले पोलीस विचारून राहिले होते तवाबी चूप बसली."

एक ती, एक अश्विन, आणि एक बाबा. सगळ्यांना ठाऊक होतं की मैदान रिकामं नसतं. फक्त बटण दाबणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

७

शोभाताईंनी बूट, मोजे आणि पुडी वेगवेगळ्या पिशव्यांत घातली. निघताना मला अंगणात बोलावलं.

"मी हे लिहिणारच," त्या म्हणाल्या. "तुमची सुटका होईल. त्याच्यावर मात्र पुरावा बदलल्याचा गुन्हा लागेल. उद्या सकाळी तो स्वतः होऊन ठाण्यात गेला, तर थोडा फरक पडेल. मी दुपारनंतर पाठवते. त्याच्या आधी नाही."

"बरं."

"बटणाचं काय लिहू?"

"मी दाबलं. ते खरंच आहे."

"मोजून दाबलं, असं लिहीन."

त्या गेल्या. मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो काही उतरला नाही. पण दगड आहे एवढं तरी पहिल्यांदा कळलं, ही काय कमी गोष्ट आहे?

सकाळी आईनं आम्हा दोघांना पोहे खाऊ घातले आणि अश्विनच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू जातं न वं त्याच्यासंग?" मी हो म्हटलं. जाणार नव्हते तर कोण जाणार होतं?

मी त्याच्या गाडीवर मागं बसले. काटोल नाका मागं पडला. मग मान थोडी वळवून म्हणाला, "ताई, राग येऊन राहिला का माह्या?"

"नाही."

"रडू?"

"नाही."

"मंग काय येऊन राहिलं?"

"काहीच येऊन नाही राहिलं, अश्विन. समोर पाहून चालव."

ठाण्यासमोर त्यानं गाडी लावली आणि तसाच बसून राहिला. हेल्मेटही काढेना. "तू पहिले जा," म्हणाला. "मी येतो."

मी आत गेले. टेबलामागच्या हवालदारानं मला ओळखलं. मी परत तेच सांगायला आले असं त्याला वाटलं असणार. त्यानं पेन खाली ठेवलं आणि सुस्कारा सोडला. "बोला मॅडम. आता काय?"

"माझ्या भावाला काही सांगायचं आहे," मी म्हटलं. "तो बाहेर गाडीवर बसला आहे. भितो तो. आमचे बाबा गेलेत, म्हणून जरा हळू विचारा त्याला."

शेवटचे शब्द नीट निघालेच नाहीत. आधी आवाज गेला, मग डोळे भरले, आणि मग मी त्या अनोळखी माणसासमोर टेबलाला धरून मोठमोठ्यानं रडायला लागले. हवालदार गडबडून उठला आणि त्यानं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.